दाजींची हायब्रिड, प्रीमियम पेट्रोल आणि टॉवेलची लव

हे प्रकरण माझ्या दाजींच्या गाडीचं आहे आणि मी ते सविस्तर लिहितोय, कारण हायब्रिड घेतलेल्या तीन-चार ओळखीच्या लोकांनी मला हाच प्रश्न विचारला, की ह्या गाड्यांना प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकलं तर फायदा होतो का. तोंडी सांगितलं की अर्धं राहून जातं आणि वाद सुरू होतो, म्हणून एकदा सगळं आकड्यांसकट लिहून टाकतो.

दाजींचा टॉवेलचा होलसेलचा धंदा. माल सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातनं उचलायचा आणि दर आठवड्याला सॅम्पलचे गठ्ठे घेऊन पुण्यात हडपसरला एक फेरी. २०२३ च्या दसऱ्याला त्यांनी स्ट्राँग हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटरही ओढते अशी, दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ४५ लिटरची टाकी. दाजींना एक चांगली सवय आहे, स्कूटर होती तेव्हापासून ते पेट्रोलची वही ठेवतात, तारीख, मीटरचं रीडिंग, लिटर, रुपये, सगळं स्वतःच्या अक्षरात. ती वही नसती तर हे प्रकरण 'मला असं वाटतं' आणि 'मला तसं वाटतं' एवढ्यावरच संपलं असतं.

वहीप्रमाणं हिवाळ्यात गाडीनं २४-२५ चं ॲव्हरेज दिलं. मार्चनंतर ते घसरत गेलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये २० वर आलं, एका टाकीला तर १९.६. दाजी अस्वस्थ. एवढे पैसे घालून हायब्रिड घेतली ती ॲव्हरेजसाठीच ना. त्याच आठवड्यात पुणे रोडच्या एका पंपावर पोरगा म्हणाला, "हायब्रिड हाय ना साहेब, मग साधं कशाला टाकलालाव, पॉवर टाका की, ह्या गाड्यांना हाय ऑक्टेनच लागतंय." दाजींनी ते प्रीमियम टाकलं, लिटरमागं सात रुपये जास्त देऊन. जूनच्या शेवटी मला फोन, "बघ, पॉवर टाकल्यापासनं दोननं वाढलं, २२ देतीय आता."

मी म्हटलं, दाजी, जूनमध्ये पाऊस पण पडलाय की. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४३-४४ डिग्रीला असतं, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या एसी फुलवर जातो. आणि हायब्रिडचा एसी साध्या गाडीसारखा इंजिनच्या बेल्टवर चालत नाही, त्याचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. म्हणजे सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असली तरी एसी बॅटरी खात राहतो, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं ती भरायला, आणि जिथं एक थेंबही जळायला नको तिथं पेट्रोल जळतं. जूनमध्ये हवा गार झाली, एसी कमी झाला, ॲव्हरेज वाढलं. ह्यात पेट्रोलचा वाटा किती आणि पावसाचा किती हे नुसती वही बघून कुणालाच सांगता येणार नाही. दाजींना हे पटलं नाही, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही बरोबर होतं, कारण त्यांनी एक गोष्ट बदलली आणि आकडा वाढलेला त्यांना दिसला.

आता आधी ऑक्टेन म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. लोकांना वाटतं ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद. तसं नाही. सिलिंडरमध्ये स्पार्क पडला की ज्योत एका बाजूनं पसरत जाते, पण दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं, त्याला नॉकिंग म्हणतात. चौथ्या गिअरमध्ये भरलेली जुनी गाडी घाटात ओढली की इंजिनातनं टणटण आवाज यायचा बघा, तेच. ऑक्टेन नंबर म्हणजे हे असं आपोआप भडकणं पेट्रोल किती सहन करतं त्याचं माप. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलंय आणि एन-हेप्टेनला शून्य, ९१ रॉनचं (रॉन म्हणजे ऑक्टेन नंबरच) पेट्रोल म्हणजे टेस्टच्या इंजिनात ते ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाएवढं टिकतं. त्या नंबरात लिटरमागं ऊर्जा किती हे कुठंच येत नाही.

ह्याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या जिल्ह्यातच पिकतो. उसापासनं बनणारं इथेनॉल घ्या, त्याचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे प्रीमियमपेक्षाही किती तरी वर, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. ऑक्टेन म्हणजे ताकद असती तर इथेनॉलवर गाडी उडाली असती. प्रत्यक्षात इथेनॉल जास्त मिसळलं की ॲव्हरेज थोडं कमीच होतं, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई२० (२० टक्के) ला जुळवून घेतलेल्या चारचाकीसाठी ही घट १ ते २ टक्के सांगितलीय.

जास्त ऑक्टेनचा फायदा कुणाला होतो, तर ज्या इंजिनाला नॉकिंगची भीती आहे त्याला. टर्बो पेट्रोल गाड्या, जिथं हवा दाबून भरली जाते, किंवा ज्यांच्या मॅन्युअलमध्येच ९५ लिहिलंय अशा. नॉकिंगची चाहूल लागली की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर स्पार्क उशिरा पाडतो, इंजिन वाचतं पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जातं. अशा इंजिनात ९५ टाकलं तर स्पार्क परत योग्य वेळी पडतो, गेलेलं परत मिळतं. म्हणजे प्रीमियम नवीन काही देत नाही, फक्त नॉकिंगमुळं जे जात होतं ते वाचवतं. जातच नसेल तर वाचणार काय?

हायब्रिडचं इंजिन इथं वेगळं पडतं, आणि मला स्वतःला ह्या सगळ्यात हा भाग सर्वात जास्त आवडतो. कागदावर बघितलं तर हायब्रिडच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जास्त दिसतं, २००९ ला आलेल्या टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस हायब्रिडचं १३ ला १ होतं. हा आकडा बघून कुणीही म्हणेल की ह्याला भारी पेट्रोल लागणारच, आणि मला वाटतं पंपावरची ती समजूत इथूनच आली असणार. पण त्याच प्रियसला अमेरिकेत कंपनी ८७ चं पेट्रोल सांगायची, तिथलं सगळ्यात स्वस्त, आणि त्यांची मोजायची पद्धत वेगळी असल्यामुळं ते ८७ म्हणजे आपलं साधारण ९१.

हे कसं जमतं तर ॲटकिन्सन सायकलमुळं. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८८२ मध्ये ही कल्पना काढली, त्यानं त्यासाठी दांड्यांची गुंतागुंतीची रचना केली होती, आता तेच काम व्हॉल्व्हच्या टायमिंगनं होतं. पिस्टन वर यायला लागला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवतात, त्यातनं थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं, मग व्हॉल्व्ह बंद होतो आणि उरलेलंच दाबलं जातं. म्हणजे प्रत्यक्षात मिश्रण १३ पट दाबलंच जात नाही, खूप कमी दाबलं जातं. पण जळल्यावर पिस्टन खाली जातो तो मात्र पूर्ण लांबीभर, म्हणजे उष्णतेतनं काम पूर्ण वसूल करून घेतो. ज्वारीचं पोतं थोडं रिकामं ठेवून शिवलं तर फुटायची भीती नाही, तसं. ह्यात इंजिनाची ताकद कमी होते हे खरं, पण ती कमी मोटर भरून काढते. ओव्हरटेकला ॲक्सिलरेटर दाबला की मोटर आधी ढकलते, आणि इंजिनला कमी फेऱ्यांवर जोर लावून कण्हत ओढायची वेळच येत नाही, जिथं नॉकिंगचा धोका सगळ्यात जास्त असतो. ज्या आजारावर प्रीमियम हे औषध आहे तो आजार होऊ नये अशीच ह्या इंजिनाची रचना आहे. दाजींच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत पण स्पष्ट लिहिलंय, ९१ रॉन किंवा वर.

तरी दाजींचा मुद्दा राहिलाच होता, की मग एप्रिलमध्ये २० का.

जुलैच्या शेवटी मी त्यांच्याबरोबर तुळजापूरला गेलो, ताई पुढं बसली होती आणि मी मागं, टॉवेलच्या गठ्ठ्यांना टेकून. घाट चढताना माझ्या मांडीजवळनं पंख्याचा भर्रर्र आवाज यायला लागला, एसीचा नव्हे, मागूनच. मी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मेंटेनन्सचं काम करतो, पंखा गुदमरल्यावर कसा आवाज काढतो ते मला झोपेतही कळतं. आमच्या शेडमध्ये मोटार जळायचं कारण दहातनं आठ वेळा एकच असतं, मोटारीच्या मागच्या जाळीवर रुई बसते, हवा जात नाही, वाइंडिंग तापतं आणि गेली मोटार. म्हणून शिफ्ट बदलताना पहिलं काम जाळी झाडायची.

देवीचं दर्शन घेऊन परत आलो आणि जुळे सोलापुरात त्यांच्या पार्किंगमध्ये मी सीटजवळचं ते जाळीचं कव्हर काढलं. ह्या गाडीची हायब्रिड बॅटरी हवेनं गार होते, आणि ती हवा बाहेरनं नाही, केबिनमधनं ओढली जाते, मागच्या सीटजवळच्या जाळीतनं. कव्हर निघालं तर मागं फिल्टर दिसतच नव्हता, त्यावर एक पांढुरकी गादी बसली होती, बोटाच्या पेराएवढी जाड, मधेमधे निळे गुलाबी धागे. टॉवेलची लव. नऊ-दहा महिने दर आठवड्याला गठ्ठे मागच्या सीटवर, बरोबर त्या जाळीच्या तोंडाशी, आणि पंखा ती लव ओढत बसलेला. चिमटीत धरून ती गादी अख्खी सोलून निघाली, साय निघावी तशी. दाजी बघतच राहिले, ताईनं कपाळाला हात लावला.

बॅटरी गार झाली नाही की कॉम्प्युटर तिला जपतो, तिच्यातनं कमी करंट घेतो आणि ब्रेक मारल्यावर तिच्यात कमी भरतो. मग मोटरची मदत कमी, इंजिन जास्त वेळ चालू, पेट्रोल जास्त. उन्हाळ्यात हे दुप्पट जाणवतं कारण केबिनची हवाच तापलेली. त्याच दिवशी टायरची हवा पण बघितली, चारही चाकांत पाच-सहा पॉइंट कमी, ती भरली. ऑगस्टमध्ये गाडी २४ वर आली.

आता मला वाटलं विषय संपला, पण दाजी म्हणाले, "जाळी साफ केलीस हे खरं, पण पेट्रोल पण मी पॉवरच टाकलालोय की एप्रिलपासनं, मग २४ कुणामुळं?" प्रश्न बिनतोड होता. म्हणून ठरवलं, नीट मोजायचं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४, बारा आठवडे, सहा टाक्या. एक टाकी साधं, एक टाकी प्रीमियम, आलटून पालटून, म्हणजे हवा बदलली तरी दोघांनाही सारखीच लागेल. सलग तीन साधं आणि मग सलग तीन प्रीमियम केलं असतं तर परत जून सारखाच घोळ झाला असता. प्रत्येक टाकीत हडपसरच्या दोन फेऱ्या. टाकी पाच-सहा लिटरवर आल्याशिवाय भरायची नाही, कारण अर्ध्या टाकीवर दुसरं पेट्रोल ओतलं तर दोन्हीची खिचडी होते आणि मोजून काही उपयोग राहत नाही, ही चूक बरेच लोक करतात. एकच पंप, तेच मशीन, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, आकडा गोल करायला वरनं दोन लिटर दाबायचे नाहीत. वेग ८५-९०, एसी २५ वर. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज धरायचं नाही, ते गाडीचा अंदाज असतो, किलोमीटर भागिले लिटर हेच खरं.

साध्याच्या तीन टाक्या अशा निघाल्या: ९६२ किमीला ३९.८ लिटर म्हणजे २४.१७, ९७१ ला ३९.४ म्हणजे २४.६४, ९४० ला ३८.९ म्हणजे २४.१६. प्रीमियमच्या तीन: ९४८ ला ३८.७ म्हणजे २४.५०, ९५५ ला ३९.६ म्हणजे २४.१२, ९६७ ला ३९.५ म्हणजे २४.४८. सगळी बेरीज केली तर साधं २४.३३ आणि प्रीमियम २४.३६. साध्याच्याच दोन टाक्यांमध्ये जवळपास अर्ध्या किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे टेंभुर्णीजवळ ट्रॅफिक लागलं, इंदापूरपासून समोरनं वारा होता, एवढ्यानं जो फरक पडतो त्याच्यापुढं ते ०.०३ काहीच नाही. सहा टाक्यांनी फार बारीक फरक सापडत नाही हे मान्य, पण मोठा असता तर दिसला असता.

आणि इथं पैशाचा हिशोब महत्त्वाचा, तो दाजींनी स्वतः केला. तेव्हा साधं १०५ च्या आसपास होतं, प्रीमियम ११२ च्या. म्हणजे प्रीमियमला नुसतं बरोबरीत यायचं असेल तर २४.३३ च्या जागी जवळजवळ २६ चं ॲव्हरेज द्यावं लागेल. किलोमीटरला साधं ४ रुपये ३२ पैसे, प्रीमियम ४ रुपये ६० पैसे. २८ पैसे ऐकायला किरकोळ वाटतात, पण दाजींची गाडी महिन्याला दोन हजार किमीच्या वर चालते, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या वर आणि वर्षाला साडेसहा हजारांच्या वर. टॉवेलच्या धंद्यात एका डझनामागं किती सुटतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा आकडा लगेच कळतो. दाजींनी वहीत त्या पानावर लाल रेघ मारली आणि डिसेंबरपासून साधं सुरू केलं.

अमेरिकेत ट्रिपल ए म्हणून वाहनचालकांची मोठी संस्था आहे, तिनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांवर प्रीमियमची टेस्ट केली होती. गाड्या हायब्रिड नव्हत्या, साध्या होत्या, तरी ताकद, ॲव्हरेज, धूर कशातच म्हणावा असा फायदा त्यांना सापडला नाही. आपल्याकडं प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारं डिटर्जंट असतं असं सांगतात, ते असतं, आणि वर्षातनं एखादी टाकी त्यासाठी कुणी टाकत असेल तर माझा विरोध नाही. पण ते सफाईसाठी झालं, ऑक्टेनसाठी नव्हे.

एक शंका मी स्वतःच काढतो. टेस्ट पावसाळ्यात-हिवाळ्यात झाली, नॉकिंगचा धोका तर उन्हाळ्यात, तापलेली हवा इंजिनात जाते तेव्हा. म्हणून २०२५ च्या मेमध्ये एकेक टाकी परत केली. साधं २२.४, प्रीमियम २२.७. कदाचित उन्हाळ्यात थोडासा फायदा असेलही, एका टाकीवर मी तसं छातीठोक म्हणणार नाही, पण असला तरी बरोबरीत यायला २३.९ लागत होते. आणि मला त्या दोन आकड्यांपेक्षा तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, आदल्या उन्हाळ्यातला २०. तीच गाडी, तेच सोलापूरचं ऊन, एसी तसाच, पेट्रोल साधंच, फक्त जाळी साफ आणि टायरची हवा बरोबर. दोन किलोमीटर आणि वर थोडं, आणि त्याला खर्च शून्य.

आता तर साधं पेट्रोलही पहिल्यासारखं राहिलं नाही. पंपांवर ई२० आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं जो खुलासा केला त्यात सांगितलं की बीएस६ ह्या प्रदूषणाच्या नियमांनुसार ९१ असलेलं ऑक्टेन इथेनॉलमुळं आता ९५ वर गेलंय. म्हणजे हायब्रिडला जे लागतच नव्हतं ते आता साध्याच नळीतनं येतंय, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या कृपेनं. गाडी ई२० ला चालणारी आहे का एवढं झाकणावर बघून घ्या. १०० ऑक्टेनवाल्याची गोष्ट वेगळी, त्यात इथेनॉल नसतं असं समजून जुन्या गाड्यांवाले ते घेतात, पण त्याचा भाव बघता रोजच्या हायब्रिडसाठी त्याचा विचारही करू नका.

कुणाच्या हायब्रिडचं ॲव्हरेज अचानक पडलं असेल तर पेट्रोलच्या आधी मागच्या सीटजवळची ती जाळी बघा. कुत्रं बसत असेल, कापडाचा माल नेत असाल, शेतातनं धुळीच्या रस्त्यानं येत असाल तर नक्कीच बघा, आणि त्या जाळीसमोर पिशवी, उशी, चादर काही ठेवू नका. कव्हर कसं काढायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, पण फिल्टरच्या आत मात्र स्वतः हात घालू नका, तिथं हाय व्होल्टेज आहे, जास्त घाण दिसली तर सर्व्हिस सेंटरलाच न्या.

ताईनं आता सगळ्या गठ्ठ्यांना जुन्या चादरींची कव्हरं शिवलीत, गठ्ठे डिकीत जातात, आणि दाजींच्या वहीत लिटर-रुपयांच्या शेजारी एक नवीन रकाना आलाय, 'जाळी', त्यात दर महिन्याच्या एक तारखेला टिक असते.